अण्णाची घोडी मला चाटायची तेव्हा

माझ्यावर आजवर कुणी आपणहून भाळलं नव्हतं. लग्न वडीलधाऱ्यांनी ठरवलं, आणि बायकोनं होकार दिला तो माझ्या सरकारी नोकरीकडे बघून. हे ती आजही लपवत नाही. त्यामुळे साठीला टेकल्यावर, सोलापूरच्या भर उन्हाळ्यात, एका घोडीनं माझ्या टकलावरून सावकाश, मन लावून जीभ फिरवली तेव्हा मला भरून आलं. आता लिहिताना हसू येतंय. तेव्हा खरंच भरून आलं होतं.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून शेजारी बघत होता. त्याचा टॉवेलचा कारखाना आहे. घरात तेलुगू बोलतो, माझ्याशी सोलापुरी.

"काय ओ साहेब, घोडी हाय का गाय? वासराला चाटल्यावानी चाटायलीय की तुमाला."

"माया असते," मी म्हणालो. "जनावराला माणूस कळतो."

"कळतो की. तरी चाटायलीय म्हणजे नवलच."

मी दुर्लक्ष केलं. प्रेमात पडलेल्याला असलं ऐकून घ्यावंच लागतं.

घोडी माझी नव्हती. माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची होती. अण्णा मैंदर्गीला शेती करतो. गावच्या जत्रेत आमच्या घराकडे एक मान आहे: देवाच्या पालखीपुढं आमची घोडी चालते. तिच्यावर कुणी बसत नाही. अंगावर झूल, कपाळावर गोंडा, पाठ मोकळी, अशी ती देवळापासून वेशीपर्यंत जाते आणि परत येते. वाट लांबची नाही, पण हलग्या, गुलाल आणि माणसांच्या रेट्यातून ती डौलानं चालली पाहिजे. घोडी हडकलेली किंवा आजारी दिसली तर त्या वर्षी मान दुसऱ्या घरी जातो, आणि गेलेला मान परत आणायला किती पंचायती बसतात ते गावाला माहीत आहे. अण्णा तिला नावानं हाक मारत नाही, 'अव्वा' म्हणतो. आमच्याकडच्या कानडीत आईलाही तसं म्हणतात आणि लाडाच्या लेकीलाही.

गेल्या उन्हाळ्यात अण्णाचा गुडघा बदलायचं ठरलं. मुलगा पुण्यात, म्हणून ऑपरेशन पुण्यात. वहिनीही बरोबर जाणार. मग घोडी कुठं ठेवायची यावर घरात खल सुरू झाला. मी नुकताच पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो होतो, आणि दिवसभर काय करायचं हा प्रश्न मला आणि त्याहून जास्त बायकोला पडला होता. शहराबाहेर अक्कलकोट रोडला माझं घर आहे, बाजूला मोकळा प्लॉट, त्यात एक मोठा कडुनिंब आणि पत्र्याची शेड.

"माझ्याकडं ठेव की," मी म्हणालो.

अण्णा माझ्याकडं बघत राहिला. "तुज्याकडं? तम्मा, मी गुडगा बदलायला चाललोय, घोडी बदलायला न्हाय."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. हा शब्द अण्णा मायेनं उच्चारतो, पण त्यातली सगळी माया 'धाकटा' या बाजूची. त्याचंही बरोबर होतं. एकदा त्यानं मला विहिरीवरची मोटर चालू करून यायला सांगितली. मी चालू करून आलो. विहिरीत पाणी आहे का ते बघायचं तेवढं राहिलं. पुतणीच्या लग्नात वऱ्हाडाची गाडी मार्गी लावायचं काम माझ्याकडं होतं. ती मी त्याच नावाच्या दुसऱ्या गावाला पाठवली, आणि वऱ्हाड तिथल्या कुणाच्या तरी लग्नात आग्रहानं जेवून, विडा खाऊन परत आलं. तेव्हापासून घरात कुठलंही काम निघालं की माझ्याकडं बघून सगळे म्हणतात, "तू बस." हे ऐकत ऐकत मी साठीला आलो होतो. एकदा तरी काहीतरी माझ्या हाती यावं आणि ते होतं तसं परत करावं, एवढीच माझी इच्छा होती.

शेवटी वहिनीच म्हणाली, "असूं द्या की. भावजींकडं सावली हाय, आन् त्यास्नी कामधंदाबी काय न्हाय."

माझी लायकी यापेक्षा थोडक्यात कुणी सांगितली नसेल.

टेंपोतून घोडी उतरली तेव्हा अण्णा काठी टेकत शेडमध्ये उभा राहून सूचना देत होता. कडबा किती, हरभऱ्याची चंदी किती आणि किती वेळ भिजवायची, खरारा कुठल्या बाजूनं, खूर कधी बघायचे. तिला मराठी कळत नाही, बोलवायचं तर 'बा' म्हणायचं, थांबवायचं तर 'निल्लु'. वहिनी मधेच काहीतरी सांगायला पुढं झाली. अण्णानं हात वर केला. "तू गप. मी सांगतोय की." वहिनी गप बसली आणि टेंपोत जाऊन बसली. जाताना अण्णानं घोडीच्या कपाळाला कपाळ टेकवलं. मला म्हणाला, "जत्रेला चालली पायजे बग."

पहिले काही दिवस झकास गेले. सकाळी उन्हं चढायच्या आत मी तिला अक्कलकोट रोडच्या कडेनं फिरवायचो. ओळखीचे लोक स्कूटर थांबवून विचारायचे, "साहेब, वरात कुणाची?" परत येईपर्यंत आम्ही दोघं घामानं निथळत असायचो. शेडमध्ये आलो की ती मान वळवायची आणि माझं डोकं चाटायला घ्यायची. डोकं झालं की मान, मग शर्टाची कॉलर. जीभ ओली, ऊनऊन. मी डोळे मिटून उभा राहायचो. दोरीवर वाळत घातलेला माझा बनियनसुद्धा तिनं एकदा चघळून काढला. बायको तो नाचवत बाहेर आली, तर मी म्हणालो, "राहू दे. माझा वास येतो ना त्याला."

"म्हणूनच म्हणते, धुवायला टाका," बायको म्हणाली.

पुण्याला फोन केला की मी अण्णाला रोजचा वृत्तांत द्यायचो. "अण्णा, मला सोडत नाही ती. सारखी चाटते."

"मला कदी न्हाय चाटली," अण्णा म्हणायचा. आवाजात दुखावल्याची छटा असायची. आयुष्यात पहिल्यांदाच अण्णापेक्षा माझं काही बरं चाललं होतं. मी ते लांबवून सांगायचो.

दुसरी अभिमानाची गोष्ट म्हणजे घोडी पाणी कमी प्यायची. सोलापुरात नळाला पाणी येतं ते आठवण झाली तर भेटायला येणाऱ्या पाहुण्यासारखं. मधले दिवस बोअर आणि भरलेली पिंपं. एवढ्या उन्हात घोडी किती पाणी पिणार या धास्तीनं बायकोनं आधीच जास्तीचं पिंप आणून ठेवलं होतं. आणि ही तर बादली अर्धी टाकायची. मी शेजाऱ्याला सांगितलं, "समजूतदार आहे. शहराची परिस्थिती कळली तिला."

"मग तिला नगरसेवक करा की," तो म्हणाला.

मग तिची चकाकी उतरायला लागली. तिचा तांबूस रंग धूळ बसल्यासारखा दिसायचा, कितीही खरारा केला तरी. चंदी तोबऱ्यात उरायची. लीद बारीक, कोरडी पडायची. बायको म्हणाली, दृष्ट लागली. "तुम्ही रोज तिला रस्त्यानं मिरवता. दुसरं काय होणार?"

माझी बायको बार्शीची. शिकलेली आहे, बँकेत खातं स्वतः बघते, पण दृष्टीच्या बाबतीत तिचं माहेर पक्कं आहे. शनिवारी दिवेलागणीला ती मुठीत मीठ आणि मोहऱ्या घेऊन शेडमध्ये गेली, आणि घोडीच्या तोंडावरून मूठ ओवाळायला लागली. आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, पाठच्या-पोटच्याची असं पुटपुटत. भिंतीपलीकडून आवाज आला, "शेजाऱ्याचं नाव कशाला घ्यायलाव वैनी? मी काय केलो?"

मूठ फिरेल तशी घोडीची मान फिरत होती. मूठ वर गेली की मान वर, खाली आली की खाली. ओठ लांब करून ती मुठीकडं झेपावत होती.

"बघा," बायको दबक्या आवाजात म्हणाली, "कशी ओढतेय! केवढी जड दृष्ट आहे."

मलाही ते पटलं. पूर्वी हे मीठ चुलीत टाकायचे. गॅसवर कसं टाकणार, म्हणून बायकोनं ते मोरीत सोडून वर तांब्याभर पाणी ओतलं. घोडी मोरीच्या दिशेनं बराच वेळ बघत राहिली. आम्ही दोघं समाधानानं घरात आलो. पुढं कळलं, मिठासाठी आसुसलेल्या जनावरासमोर आम्ही मीठ नाचवलं आणि गटारात ओतलं, आणि वर ते तिच्याच भल्यासाठी केलं. दोन शिकलेल्या माणसांनी एकत्र विचार केला की असं काहीतरी घडतं.

दृष्ट काढूनही फरक पडेना, तेव्हा मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. तरुण, शांत बाई. त्यांनी घोडीच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, हिरड्या बघितल्या, लीद बुटाच्या टोकानं फोडून बघितली.

"पाणी किती पिते?"

"कमीच. समजूतदार आहे."

"घाम येतो?"

"भरपूर. मी रोज फिरवतो."

"मीठ किती देता?"

"कसलं मीठ?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "अहो, आमचं बोअरचं पाणीच खारट आहे. नळाच्या तोट्या पांढऱ्या पडल्यात, गिझर दोनदा गेला. वेगळं मीठ कशाला?"

"ते क्षार वेगळे, मीठ वेगळं. कडबा आणि हरभऱ्यात मीठ जवळजवळ नसतंच, आणि घोड्याच्या घामातून ते भरपूर जातं. अंगातलं मीठ कमी झालं की तहानच लागत नाही. तहान नाही म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून लीद कोरडी. असंच चाललं तर पोटात गोळा बसेल, मग अवघड होतं." त्यांनी माझ्या डोक्याकडं बघितलं. "तुम्हाला चाटते का?"

मी खुललो. "फार. जीव आहे तिचा माझ्यावर. डोकं, मान, कॉलर, बनियनसुद्धा."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "या आवारात तुम्हीच तेवढे खारट आहात."

भिंतीपलीकडून शेजाऱ्याच्या हसण्याचा असा आवाज आला की कारखान्यातला एखादा माग तुटला की काय असं वाटावं. बायकोनं तोंडाला पदर लावला होता, पण तिचे खांदे हलत होते. मी टकलावरून हात फिरवला. हात ओला झाला. इतके दिवस जिला माया समजून डोळे मिटून उभा होतो, ती एक भुकेली जीभ होती, आणि मी मिठाचा खडा होतो.

पण हसणं फार वेळ टिकलं नाही. बाईंनी जाताना गंभीरपणे सांगितलं होतं: दिवसाला मूठभर साधं मीठ पोटात जायला हवं, एकदम नाही, थोडं थोडं, शेजारी साधं पाणी कायम भरलेलं हवं, आणि उन्हातलं फिरवणं बंद. जत्रा अजून लांब होती, पण मला दिसत होती ती पालखीपुढं मोकळी राहिलेली जागा, आणि तिच्या बाजूला काठी टेकून उभा असलेला अण्णा.

मी पुण्याला फोन लावला. अण्णाचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, आवाज थकलेला होता. घोडीचं काही सांगायची छाती झाली नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा, तू तिला मीठ देतोस का रे?"

"मीठ? घोडीला? कदीच न्हाय. का रं?"

"काही नाही. वाचलं कुठंतरी."

"वाचू नगंस," अण्णा म्हणाला. "घोडीकडं बग."

आता गंमत अशी की देणारा इतका उत्साही आणि घेणारी इतकी भुकेली, म्हणजे काम सोपं असायला हवं होतं. पण मी मधे होतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, इतक्या दिवसांची कसर भरून काढावी. मी चंदीत मीठ असं घातलं की लोणच्याच्या बरणीत घालताना बायकोनंही हात आखडता घेतला असता. घोडीनं तोबऱ्यात तोंड घातलं, काढलं, वरचा ओठ उलटा करून सगळे दात दाखवले आणि माझ्याकडं बघितलं. त्यानंतर मीठ कमी करून दिलं, चंदी धुऊन दिली, नवा तोबरा आणला. चंदी आणि मी दोघं तिच्या मनातून उतरलो होतो.

मग मी बाजारात जाऊन जनावरांनी चाटायची वीट आणली. दुकानदारानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. नशीब, बांधायच्या आधी बाईंना फोनवर कागदावरचं वाचून दाखवलं. "ती गाईम्हशींची आहे, युरिया आहे तिच्यात," बाई म्हणाल्या. "घोडीच्या जवळपास नेऊ नका." वीट अजून गॅलरीत आहे. बायको तिच्यावर कुंडी ठेवते.

मग सैंधवाचा एक मोठा गुलाबी खडा मिळाला. तो मी दोरीनं कडुनिंबाला टांगला. वारा सुटला, खडा झुलला आणि बरोबर घोडीच्या नाकावर बसला. तेव्हापासून ती कडुनिंबाच्या त्या बाजूला जाईना. म्हणजे झाडाची निम्मी सावलीही माझ्या उपायांत गेली.

राहिलं पाणी. मला वाटलं, पाण्यातच कालवलं तर कळणार कसं? सकाळी दोन्ही बादल्यांत मीठ विरघळवलं आणि वाट बघत बसलो. तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. बाईंनी 'साधं पाणी कायम' असं स्पष्ट सांगितलं होतं. पण माझ्या डोक्यात सल्ला शिरतो तेव्हा त्यातला एखादा शब्द दारातच चपला काढायला थांबतो. दुपार चढली. पत्रा तापला, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घोडी एक पाय ढिला सोडून, मान खाली घालून उभी होती. अधूनमधून वळून स्वतःच्या पोटाकडं बघायची. मी तिच्या पोटाला कान लावला. आत शुकशुकाट होता.

बाईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. "बादल्या ओतून टाका. साधं पाणी ठेवा. संध्याकाळपर्यंत प्यायली तर ठीक, नाहीतर मी पोटात पाणी सोडायची नळी घेऊन येते."

बादल्या ओतल्या, साधं पाणी भरलं. तिनं त्यातही तोंड घातलं नाही. पाण्यावरचाही विश्वास मी उडवला होता. मी तिच्यापुढं स्टुलावर बसलो. 'बा' म्हणालो, मग मराठीत विनवलं. घाम आलेलं डोकं पुढं केलं, निदान एवढं तरी. तिनं एकदा जीभ लावली आणि सोडून दिलं. मी म्हणालो ना, आता लिहिताना हसू येतं. त्या दुपारी माझ्या मनात एकच होतं: अण्णाला काय सांगू?

ऊन उतरलं तशी बायको शेडमध्ये आली. तिच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. मुठीत मीठ होतं.

"आता दृष्ट कसली काढतेस?" मी म्हणालो. "दृष्ट नाहीये ती, सांगितलं ना डॉक्टरांनी."

"असू दे. माझ्या मनाला बरं वाटेल." मग म्हणाली, "मोहऱ्या संपल्यात. नुसत्या मिठानं चालेल ना?"

मला विचारत होती, म्हणजे तीही घाबरली होती. तिनं ओवाळायला सुरुवात केली. मूठ वर गेली. घोडीनं कान टवकारले. मूठ डावीकडं आली, मान डावीकडं. मूठ खाली येते न येते तोच घोडीनं झडप घातल्यासारखा ओठ मुठीला लावला आणि बोटांच्या फटीत जीभ घातली. बायको किंचाळली. मूठ उघडली. घोडीनं तळहात साफ केला, बोटं साफ केली, बांगड्यांखालचं मनगट साफ केलं, आणि आणखी आहे का म्हणून बायकोच्या पदरात तोंड खुपसलं.

"अहो, दृष्ट खाल्ली तिनं!" बायको रडकुंडीला आली. "ओवाळलेलं मीठ! आता काय होईल?"

मी ऐकत होतो. घोडी बादलीकडं वळली होती. आधी नुसतं नाक बुडवलं, मग घशातून घोट उतरण्याचा आवाज यायला लागला. बादली सरली. मी दुसरी पुढं सरकवली. तीही निम्म्यावर आली. हे सगळं मूठभर मिठानं केलं, का मधल्या वेळात तिचा पाण्यावरचा राग गेला, ते मला माहीत नाही. मी विचारायलाही गेलो नाही. भिंतीपलीकडून शेजारी बघत होता. जरा वेळानं म्हणाला, "आमच्या टाकीत पाणी हाय साहेब. पाइप सोडू का?"

खाल्लेल्या दृष्टीचा प्रश्न बायकोनं रात्रीच्या भाकरी थापता थापता सोडवला. "तिचीच दृष्ट, तिनंच खाल्ली. बाहेरच्या कुणाला बाधायचा प्रश्नच नाही."

त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ आमच्या शेडमध्ये दृष्ट निघायला लागली. तबकात, ताटलीत, तोबऱ्यात ठेवलेल्या मिठाला घोडी बघायची नाही; मी दिलेलं तर नाहीच. मूठ ओवाळली पाहिजे, चुकवली पाहिजे आणि शेवटी तिला जिंकू दिलं पाहिजे. एकदा बायकोचा हात दुखत होता म्हणून मी तिची साडी खांद्यावर टाकून प्रयत्न केला. घोडीनं मीठ घेतलं, पण अशा नजरेनं की दुसऱ्या दिवशी मी साडी आणली नाही. तोपर्यंत तिचा माझ्याशीही समेट व्हायला लागला होता. आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची म्हणताना मी आवाज चढवायचो, आणि भिंतीपलीकडून शेजारी ओ द्यायचा, "आलो ओ, माझी काढा!"

घोडी सुधारली. पाणी असं प्यायला लागली की पिंपांचा तळ दिसू लागला आणि बायकोनं टँकरवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवला. लीद ओलसर, गोल पडायला लागली. मी बाईंना तिचा फोटो पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला. रंग परत आला. सकाळच्या उन्हात ती तांब्याच्या घंगाळासारखी दिसायची.

आणि तिनं मला चाटणं सोडलं.

हे एका दिवसात झालं नाही. आधी कॉलर सुटली, मग मान, मग डोकं. एक दिवस मी मुद्दाम भर उन्हात गच्चीवर चार फेऱ्या मारून, डोक्यावर घाम जमवून तिच्यापुढं उभा राहिलो. तिनं वास घेतला, माझ्या कानात जोरात फुरफुरली आणि कडब्याकडं वळली. त्या संध्याकाळी मीठ काढताना बायको मला म्हणाली, "एक वेळ कमी देऊन बघायचं का? तुमचं तोंड बघवत नाही."

ती चेष्टा करत होती. मी रोजच्याइतकं मीठ तिच्या मुठीत दिलं. पण विचार एका सेकंदापुरता मनात येऊन गेला हे मात्र खरं.

अण्णा आणि वहिनी पुण्याहून परस्पर माझ्याकडंच आले. अण्णा वॉकर धरून टेंपोतून उतरला. घोडीनं दुरूनच त्याला ओळखलं आणि अशी खिंकाळली की माझ्याकडं असताना ती एकदाही अशी खिंकाळली नव्हती हे माझ्या लक्षात आलं. अण्णा तिच्याभोवती वॉकर आपटत फिरला. बरगड्यांवरून हात फिरवला, हिरड्या बघितल्या, खूर उचलून घ्यायला मला सांगितलं. मी उचलून धरले. शाळेचं प्रगतिपुस्तकही मी त्याच्यापुढं असंच धरायचो.

"चालंल," अण्णा म्हणाला. "जत्रंला चालंल."

मग त्याला काहीतरी आठवलं. "तुला चाटती म्हणत हुतास की. कुटं?"

मी टकलावरून हात फिरवला. "आता नाही चाटत."

अण्णाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्याला वाटलं, घोडी शुद्धीवर आली. वहिनी मात्र एकदम वळून माझ्याकडं बघायला लागली.

"चाटत हुती? तुमाला?" ती म्हणाली. "अगं बाई. म्हंजी मीठ ऱ्हायलं की! त्या दिवशी तेच सांगाय लागले हुते, तर ह्यांनी गप केलं."

"कसलं मीठ?" अण्णा म्हणाला.

"चंदी भिजवताना मूठभर घालते की मी. लगीन झाल्यापासनं. ह्या घोडीला, हिच्या आईला, तिच्या आदी हुती तिलाबी."

अण्णानं वॉकर घट्ट धरला. घोडीकडं बघितलं, वहिनीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मला कदी बोलली न्हाईस."

"तुमी कवा इचारलं?"

बायकोनं चहा आणला. घोडी टेंपोत चढताना अण्णा 'बा' म्हणाला, ती चढली. मी फळी वर उचलली, कडी लावली, आणि माझं काम म्हणून ती दोनदा हलवून बघितली. अण्णा पुढच्या सीटवर बसला होता. वहिनी त्याच्या शेजारी चढता चढता थांबली, माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "चाटायची थांबली ती कवा, भावजी?"

"बरेच दिवस झाले."

"मग चांगलं सांबाळलंसा," वहिनी म्हणाली आणि चढली.

टेंपो निघाला. मागच्या फळीवरून घोडीची मान दिसत होती. ती पुढं, अण्णाच्या दिशेनं बघत होती. खिडकीतून अण्णाचा हात बाहेर आला आणि त्याचा आवाज: "तम्मा! पुढल्या साली दुसरा गुडगा हाय!"

शेजारी भिंतीवरून म्हणाला, "आता कुणाची दृष्ट काढणार साहेब?"

शेडमध्ये मिठाचं पुडकं निम्मं उरलं होतं. मी त्याचं तोंड रबरानं बांधलं आणि फळीवर, ओल लागणार नाही अशा जागी ठेवलं.